येवल्याहून थेट मागावरची पैठणी : साडीला पाच, वेळेला दोन

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सुट्टी आहे आणि घरात कोणी नाही तर सगळंच सांगून टाकते, लांबणार आहे. दिराच्या लग्नात नेसायला पैठणी घ्यायची होती आणि यावेळी शोरूममधे न जाता येवल्याला जाऊन विणणाऱ्याच्या घरूनच घ्यायची असं ठरवलं होतं. घेतली, लग्नात नेसली, नंतर एका मुंजीत नेसली, मधे नणंदेनेही एकदा मिरवून आणली, त्यामुळे हे घडी मोडल्यानंतरचं मत समजा.

मार्क आधीच देऊन टाकते. साडीला पाचपैकी पाच. कारागिराच्या वागण्याबोलण्याला पाच. ठरलेल्या तारखेला साडी हातात पडण्याला दोन, तेही लाजेकाजेस्तव. आणि "थेट घेतली की निम्म्या भावात पडते" असं जे लोक छातीठोकपणे सांगतात त्याला शून्य.

पैशांचंच आधी बोलू, सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. मला पडली १४,५०० ला. मुनियाचा, म्हणजे छोट्या पक्ष्यांच्या नक्षीचा काठ, पदरावर मोर, अंगभर छोटी बुट्टी, ब्लाउज पीस त्यातच. पुण्यात साधारण अशीच, म्हणजे खरोखर हातमागावरची, मी दोन-तीन ठिकाणी बघून ठेवली होती, ते सतरा-अठरा हजार सांगत होते आणि लग्नसराईच्या ऑफरमधे सोळापर्यंत उतरत होते. आता पुण्याहून गाडी काढायची, डिझेल, टोल, वाटेत सगळ्यांचं जेवण, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर शिर्डी करून जाऊ म्हणणारे सासरे. घरी येऊन हिशोब केला तर वाचलेले पैसे वाटेतच गेलेले. त्यामुळे स्वस्तात मिळेल एवढ्यासाठीच जाणार असाल तर नका जाऊ, आपल्या गावातच सेल लागायची वाट बघा. थेट घ्यायचं ते वेगळ्याच कारणांसाठी, ती पुढे येतीलच.

आता हायवेवरच्या दुकानांचं. येवला नाशिक ते संभाजीनगर रस्त्यावर आहे, मनमाडहून नगरकडे जातानाही लागतं, आणि शिर्डी जवळ असल्यामुळे दर्शन आटपून पैठणी घ्यायला येणाऱ्यांची कायम वर्दळ. त्यामुळे गावात शिरायच्या आधीच मोठमोठे बोर्ड सुरू होतात, थेट विणकरांकडून, कारखाना भाव, अस्सल येवला. आम्ही अशाच एका ठिकाणी उतरलो. दारातच काचेमागे एक माग, त्यावर एक काका बसलेले, येणारे-जाणारे त्यांचे फोटो काढतायत, आणि आत गेलं की गाद्या अंथरलेल्या आणि भिंतभर साड्या. सेल्समन एकीवर एक उलगडत होता आणि प्रत्येक साडी "प्युअर हॅन्डलूम". एक राणी कलरची दाखवली, ११,००० सांगितले, मी पदर उलटा केला तर मागे नुसती कापलेल्या दोऱ्यांची टोकं, हात फिरवला तर खरखरीत. हे कसं काय विचारलं तर म्हणतो, "मॅडम, मशीनवर पण माणूसच बसतो ना, मग हाताचीच झाली की." सासूबाईंनी चपला घातल्या आणि बाहेर. त्यांना वाद घालायला आवडत नाही, त्या सरळ निघून जातात.

सगळी मोठी दुकानं अशी नसतात हेही सांगायला हवं. येवल्यात कित्येक दुकानं विणकर घराण्यांचीच आहेत, स्वतःचे माग आहेत, गावातल्या इतर मागांना पण तेच काम देतात आणि तिथे खणखणीत माल मिळतो. भानगड अशी की एकाच गादीवर खरी आणि सेमी, म्हणजे मशीनवरची, शेजारी शेजारी उलगडली जाते आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. सेमीशी माझं काही वाकडं नाही हं. माझ्याकडेच दोन आहेत पॉवरलूमवरच्या, हळदीकुंकवाला नेसते, त्यावर काही सांडलं तरी जीव जात नाही. टीव्हीवर वहिनींना पैठणी मिळायला लागल्यापासून प्रत्येकीला एक तरी हवीच असते आणि प्रत्येकीला पंधरा हजार परवडत नाहीत, इतकं सरळ आहे ते. तीन-चार हजाराची वस्तू तीन-चार हजाराला विका ना, कोण नाही म्हणतंय.

ओळखायचं कसं ते जरा सविस्तर लिहिते, कारण आम्हाला कारागिराने जे दाखवलं ते कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे पदर उलटा करायचा, लाजायचं नाही. हातमागाच्या खऱ्या पैठणीत नक्षीतला प्रत्येक रंग त्याच्या त्याच्या जागेपुरताच विणतात, मोराची मान निळी असेल तर निळा धागा मानेपुरताच जातो, तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून मागे लोंबणारे दोरेच नसतात, मागून पण मोर मोरच दिसतो, फक्त तोंड दुसरीकडे. मशीनवर धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, जिथे नक्षीत लागत नाही तिथे मागून मोकळा जातो, मग ते मोकळे दोरे कापून टाकतात नाहीतर वर जाळी शिवून झाकतात. जाळी शिवलेली दिसली की किंमत विचारायच्या आधीच उत्तर मिळालं समजा.

दुसरं, काठ आणि अंग जिथे जुळतं ती जागा. कडियल काठाला तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळ्या, चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, काठाचा आडवा धागा काठाच्या हद्दीपर्यंत येतो, अंगाच्या धाग्याला विळखा घालून मागे वळतो. त्यामुळे काठाचा रंग चोख राहतो. जिथे एकच धागा आरपार गेलाय तिथे काठात अंगाचा रंग मिसळतो, जांभळ्या साडीचा हिरवा काठ मळकट दिसायला लागतो. हे बघायचं असेल तर साडी दाराशी उजेडात न्यायची, दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली सगळंच छान दिसतं. उजेडात न्यायला कोणी नको म्हणालं तर तिथून निघा.

तिसरं लेबलं, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. सिल्क मार्कचा टॅग बघितला की निर्धास्त होतात. सिल्क मार्क २००४ पासून आहे आणि तो फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो, ते हातावर विणलंय का मशीनवर याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पॉवरलूमवरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो लावता येतो आणि त्यात खोटं काहीच नाही. हातमागासाठी हॅन्डलूम मार्क वेगळा, तो २००६ मधे आला. आणि पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय २०१० मधे, त्याचा संबंध येवला-पैठण भागाशी. म्हणजे एक कच्च्या मालाचा, एक विणण्याचा, एक गावाचा. दुकानदार "मार्क आहे ना मॅडम" म्हणाला की कुठला ते विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि जरीबद्दल कोणी सोन्याची जर म्हणालं तर हसून सोडून द्या. पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असायचा, आजही कोणी खास ऑर्डर दिली तर होतं तसं काम, पण ती किंमत आपल्या घरची नाही. आपल्या चौदा-पंधरा हजारात येते ती साधी सुरतची जर, आणि रेशीम येतं बेंगळुरूकडून. हे आमच्या कारागिराने स्वतःहून सांगितलं, खोदून विचारावं लागलं नाही.

तर ते घर. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या आईने तिथून साडी घेतली होती, तिनेच फोन लावून दिला. जुन्या गल्ल्यांमधे गाडी जात नाही, अलीकडेच लावून चालत गेलो. दुपारची वेळ, बऱ्याच घरांतून मागाचा आवाज येत होता. पुढची खोली म्हणजेच कारखाना, तिथे दोन माग, एकावर दादा, म्हणजे आमचे कारागीर, स्वतः आणि दुसऱ्यावर त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचे पाय खाली खड्ड्यात. वहिनी, म्हणजे दादांची बायको, कोपऱ्यात चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत होत्या आणि एकीकडे आतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. बसायला सतरंजी, पाणी, चहा, आणि चहा होईपर्यंत साडीचा विषयच नाही. सासरे आणि नवरा चहा पिऊन मुक्तिभूमीवर गेले, १९३५ मधे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावात, येवल्याला जाणार असाल तर ते बघणं राहू देऊ नका, पैठणीच्या नादात लोक तिकडे फिरकतच नाहीत.

त्या वेळेला मागावर कोणाच्या तरी साडीचा पदर चालू होता. मागाच्या रुंदीभर छोट्या छोट्या तिल्ल्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या काड्या, लोंबत होत्या, प्रत्येक रंगाची वेगळी, एकेका मोराला पाच-सहा आणि मोर ओळीने मांडलेले. दादा बोटाने उभे धागे उचलायचे, चार, मग तीन, मग परत चार, तोंडातल्या तोंडात मोजत, त्यातून तिल्ली सरकवायचे, शेजारच्या तिल्लीच्या धाग्यात अडकवायचे आणि पुढची उचलायचे. अशी या काठापासून त्या काठापर्यंत एक आडवी ओळ पुरी झाली की फणी आपटायची. एका ओळीची जाडी केसाएवढी. समोर चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी खोचलेली होती पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. आमचा चहा झाला, गप्पा झाल्या, माझ्या मुलाची मोबाइलवरची कार्टून संपली, तोवर मोराचा तुरा काही पुरा झाला नव्हता. सासूबाईंनी विचारलं, "दादा, कंबर धरत असेल हो?" तर म्हणाले, "कंबरेचं काय घेऊन बसलात माई, डोळे जातात आधी." आणि परत मोजायला लागले.

तयार साड्या त्यांच्याकडे मोजक्याच होत्या, पाच-सहा. हे लक्षात ठेवा, घरी जाताय म्हणजे ढिगातून निवडायला मिळणार नाही. मला मोरपंखी हवी होती जांभळ्या काठाची, ती नव्हती, मग ऑर्डर. मला वाटलं रंगाचं कार्ड दाखवतील, तर त्यांनी रेशमाच्या लड्या आणल्या, दारात उजेडात धरल्या, उभा धागा हिरवा आणि आडवा निळा घेतला तर अशी छटा येईल, उलटं घेतलं तर तशी, चालताना रंग पलटेल तो फोटोत दिसणार नाही. मला पदरावर आणि काठावर दोन्हीकडे भरगच्च बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसवलेला मोर, हवा होता. त्यांनी सरळ नाही सांगितलं. "ताई, या पैशात तो दाट येणार नाही, विरळ दिसंल. काठाला मुनिया घ्या, पदरावर मोर घ्या, दोन्ही नीट होईल." माझं बजेट वाढवायचा एकदाही प्रयत्न नाही. दुकानात काय होतं आपल्याला माहितीये, पंधराचं बजेट सांगितलं की आधी पंचवीसची अंगावर टाकून आरशासमोर उभं करतात.

मग सासूबाईंची घासाघीस. त्या भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत कोणालाही सोडत नाहीत. दादांनी पंधरा सांगितले होते, यांनी बारावर आणायला सुरुवात केली. दादा चिडले नाहीत, त्यांनी हिशोबच मांडला, रेशमाचे इतके, जरीचे इतके, रंगणावळ इतकी, "राहिले ते आमचे दोघांचे, माझे आन् हिचे." त्या "हिचे"वर सासूबाई गप्प झाल्या. कारण रेशीम उकलणं, कांड्या भरणं, नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना जुन्या ताण्याच्या प्रत्येक धाग्याला नवा धागा पिळून जोडणं, ही सगळी कामं वहिनी आणि त्यांची जाऊ करत होत्या, आणि वहिनी म्हणाल्या की व्यापाऱ्याचं काम मजुरीवर घेतलं की साडीमागे मजुरी ठरते ती मागावर बसणाऱ्याची, कांड्यांचं वेगळं कोणी धरत नाही. स्वतःची साडी स्वतः विकली तरच ते पैसे घरात दिसतात. शेवटी ५०० रुपये दादांनी आपणहून कमी केले, पहिल्यांदा आलात म्हणून. माझं मत विचाराल तर तेवढी घासाघीस चालते, ती न करता उठलं तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं, पण त्याच्या खाली ओढायचं असेल तर सेमी घ्यावी आणि सुखाने नेसावी.

ॲडव्हान्सवरून गाडीत भांडण झालं ते पण सांगते. दादांनी निम्मे आगाऊ मागितले. नवऱ्याचं म्हणणं, ओळख ना देख, सात हजार कसले देता, साडी आली की सगळे देऊ. आता हे समजून घ्या, आगाऊ पैसे नाही दिले तर विणकर रेशीम-जर आणणार कुठून, व्यापाऱ्याकडून उधार. उधार आणलं की तयार साडी त्याच व्यापाऱ्याला द्यायची आणि भाव पण तोच ठरवणार. म्हणजे आपण "थेट" घ्यायला गेलो आणि पैसे शेवटी दिले तर थेट राहिलंच काय त्यात. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं आहेत, त्यात हस्तकलेच्या ऑर्डरसाठी कारागिराने मागितली तर किमान ५० टक्के रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यावी असं स्पष्ट आहे. दादांनी फेअर ट्रेड हा शब्द कधी ऐकलाय का मला शंका आहे, पण मागितले मात्र बरोब्बर निम्मे. यूपीआयने दिले, पावतीबुकातली पावती घेतली, त्यावर रंग, काठ, पदर, तारीख सगळं लिहून घेतलं. ऑफिसच्या गिफ्टसाठी किंवा कंपनीच्या नावाने जीएसटीचं पक्कं बिल हवं असेल तर मोठं दुकानच बरं, घरच्या मागावर ते मिळेलच असं नाही.

आणि आता जिथे दोन मार्क दिले ते. तारीख गेली. मग दुसरी दिली, ती पण गेली. फोन उचलायचे, चिडायचे नाहीत, "होतीये ताई, पदरावर आलोय" म्हणायचे, आणि पदरावर येऊन पुढे सरकायचेच नाहीत. पाऊस होता, खड्ड्यात ओल येते, ताणा सैल पडतो, हे खरं असेल. मधे पुतण्याचं लग्न होतं, तेही खरं असेल. पण मुख्य कारण मला नंतर कळलं, मागावर एक ताणा चढवला की त्यावर एकापाठोपाठ दोन-तीन साड्या निघतात, आणि माझ्या रंगाचा ताणा चढायच्या आधी जुन्या ताण्यावरच्या साड्या संपायच्या होत्या. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की नाही? मी तशी तारीखच धरली नसती. व्हॉट्सॲपवर फोटो यायचे ते पण अर्धा अंगठा आणि अर्धा माग. साडी आली लग्नाच्या अगदी तोंडावर, ब्लाउजवाल्या ताईंनी अर्जंट म्हणून शिलाई दुप्पट घेतली आणि चार गोष्टी ऐकवल्या त्या वेगळ्या, फॉल-पिको रात्री अकरा वाजता. तेव्हा ते जी तारीख सांगतील त्यात वरून एक महिना धराच, आणि विचारा की सध्या मागावर कुठला ताणा आहे आणि आमचा कधी चढणार. संक्रांतीच्या आसपासची तारीख तर कोणी दिली तरी मानू नका, पतंगांपायी तेव्हा सगळं येवला गच्चीवर असतं.

पार्सल उघडलं तर मखमली पेटी वगैरे काही नाही, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळलेली साडी, वर प्लास्टिक. मला हे आवडलं, रेशमाला सुती कापडच चांगलं. पण गिफ्ट द्यायची असेल तर पेटीची सोय आपली आपण करायची. साडी उलगडली आणि तारखांचा राग अर्धा तिथेच उतरला, हिरवा-निळा पलटत होता अगदी लड्यांमधे दाखवला तसा. सासूबाईंनी चष्मा लावून काठ तपासायला घेतला आणि अर्ध्या मिनिटात एक मुनिया पकडली, बाकीच्यांपेक्षा तिचा हिरवा जरा फिका. फोन केला. दादा म्हणाले हो, ती तिल्ली संपली होती, नव्या लॉटचं रेशीम अर्धा शेड उतरलेलं निघालं, उकलून परत करायचं तर अजून उशीर झाला असता, "नको वाटली तर पाठवा, गिऱ्हाईक आहे माझ्याकडं, तुमचे पैसे लगेच टाकतो." मी ठेवली. लग्नात कोणाच्याही लक्षात आलं नाही, म्हणजे आलं नसतं, पण सासूबाई स्वतःच प्रत्येक पाहुण्याला ती मुनिया दाखवून सांगत होत्या की बघा, मशीनवर असं होत नाही.

नेसायला कशी आहे? निऱ्या चापूनचोपून बसतात, फुगत नाहीत, सेमीच्या निऱ्या दर दहा मिनिटांनी दाबाव्या लागतात तसं अजिबात नाही. जर टोचत नाही कारण मागे मोकळे दोरे नाहीत. वजन आहे, पदर जड आहे, पिन नीट लावा. दुपारच्या मुहूर्ताला एसी नसलेल्या हॉलमधे रेशीम ते रेशीमच, घाम येतो, त्याचं कौतुक मी करणार नाही. ठेवताना तेच सुती धोतर वापरते आणि अधूनमधून घडी बदलते, नाहीतर घडीवर विरते असं वहिनींनी बजावून सांगितलंय. घरी धुवायचा विचार पण करू नका.

आणि खरा फरक कळला तो नणंदेने नेसली तेव्हा. तिच्या बांगडीत अडकून काठाजवळ धागा ओढला गेला, चांगला बोटभर लांब, वर कापड चुणलेलं. ती रडायच्या बेतात. मी फोटो पाठवला, दादांचं उत्तर, "कापू नका, कोणालाच हात लावू देऊ नका, पाठवून द्या." कुरिअरने पाठवली, परत आली तेव्हा कुठे ओढलं होतं ते मला शोधावं लागलं. पैसे विचारले तर नको म्हणाले, फक्त कुरिअरचे घेतले. ज्याने विणली त्यालाच माहीत असतं कुठला धागा कुठे जायचा. माझी दुसरी एक महागडी साडी दुरुस्तीसाठी शोरूममधे नेली तेव्हा "मॅडम, वापर झालाय" एवढंच ऐकून परत आले होते. मी थेट घ्या म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, रंग मनासारखा मिळणं त्याच्या खालोखाल.

जर्सीतल्या मावसबहिणीने हे सगळं ऐकून व्हिडिओ कॉलवर एक तयार साडी घेतली, दुपारच्या उजेडात अंगणात धरायला लावली, पदर उलटा दाखवायला लावला, काठ जवळून दाखवायला लावला, वहिनींनी न कंटाळता सगळं केलं. साडी माझ्याकडे आली आणि तिच्या सासऱ्यांच्या बॅगेतून गेली. तिला रंग आवडला पण फोटोपेक्षा गडद वाटला, तर परदेशातून घेणाऱ्यांनी एवढं गृहीत धरा, परत पाठवणं कोणालाच परवडत नाही.

ज्यांना येवल्यापर्यंत जाणं जमत नाही त्यांच्यासाठी, पैठणला सरकारी पैठणी केंद्र आहे, तिथे माग चालू असताना बघता येतात. मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं तिथे बचत गटांचे स्टॉल असतात, त्यातही पैठणी बघायला मिळते, पण स्टॉलवर पण पदर उलटा करायचाच, स्टॉल आहे म्हणून सूट नाही. आणि चार साड्या एकदम घ्यायच्या आहेत, मुहूर्त महिन्यावर आलाय, मानपानाची यादी हातात आहे, अशी परिस्थिती असेल तर घरच्या मागाच्या वाटेला जाऊच नका, त्यांना पण त्रास आणि तुम्हाला पण. एक साडी, हाताशी भरपूर वेळ, आणि काय हवंय ते डोक्यात स्पष्ट, असं असेल तर जरूर जा.

आमच्या दादांचा नंबर मात्र मागू नका, मैत्रिणींना आधीच इतका वाटलाय की त्यांनीच थांबवा म्हणून सांगितलं, माग दोनच आहेत आणि दिवाळीपर्यंतचे ताणे बुक झालेत, त्यात एक माझ्या आईचा, अबोली रंगाचा, हिरव्या काठाचा. गल्लीत शिरलं की आवाजावरून घरं सापडतात. दार वाजवा, चहा नाकारू नका, दुसऱ्या-तिसऱ्या घरापर्यंत बघायची तयारी ठेवा आणि पसंत पडलं की निम्मे पैसे तिथेच द्या.